खिडकीकडे तोंड करून

दवाखान्यातले धोंडूआबा मागच्या दाराशी येऊन उभे राहिले, तेव्हा मी सूप घेऊन तांदूळ निवडत बसले होते. एरवी ते पुढच्या फाटकातून यायचे आणि फाटकापासूनच "हाय का कुनी घरात?" असा आवाज द्यायचे. त्या दिवशी काही न बोलता उंबऱ्याबाहेर उभे होते, मुंडासं काढून हातात धरलेलं. "बाई, डाक्टर गेलं," ते म्हणाले. "सकाळी चा घेतला. मला म्हनले, धोंडू, त्या काळ्या कुत्र्याची पट्टी बदलून ये. म्या पट्टी बदलून आलो, तर…" सुपात मान घालून मी निवडत राहिले. शेवटी आबाच म्हणाले, "बाई, खडं ठिवताय आन तांदूळ टाकताय."

याला आता पाच आठवडे झाले. लोणावळ्यात शेलार डॉक्टरांना ओळखत नाही असा माणूस मिळायचा नाही, पण पेपरात त्यांच्यासाठी दोन ओळी काही आल्या नाहीत. लिहिणाऱ्यालाही पंचाईत पडली असती, की ह्यांना म्हणायचं काय. फौजेच्या कागदावर ते व्हेटर्नरी असिस्टंट होते, बाजारात सलोत्री म्हणजे घोड्यांचे वैद्य, बंगल्याबंगल्यातून कुत्र्यामांजरांचे डॉक्टर, आणि पाठीमागे नुसतेच 'कुत्रे डॉक्टर'. औंढ्याच्या शेतकऱ्याचा शिकलेला मुलगा. त्यांच्या भावकीला हे कधी पटलं नाही. बैलांचं औषध द्यावं, घोड्यांचं द्यावं, ते कामाचं जनावर. पण मांजराच्या कानात थेंब घालायला माणूस एवढा शिकतो? डॉक्टर हसून म्हणायचे, "बैलाचं दुखणं मालकाला परवडत नाही, म्हणून तो लगेच येतो. मांजराच्या दुखण्यानं कुणाचं काही अडत नाही. तरी जो येतो, तो मला बघायचा असतो." मी मराठी तिसरीतून शाळा सोडलेली बाई. लिहिण्यात चुका होतील, त्या संपादकसाहेबांनी पोटात घालाव्यात. पण हे लिहिणं माझ्यावाचून दुसऱ्या कुणाकडून व्हायचं नाही, आणि ते का, हे वाचणाऱ्याला कळेलच.

माझं गाव इथून फार लांब, वेंगुर्ल्याच्या बाजूला. वडील मुंबईला गिरणीत होते, आम्ही सगळी त्यांच्यापाशी चाळीत. मी तिसरीत असताना चाळीत प्लेगचे उंदीर पडले, आठ दिवसांत वडील गेले आणि पाठोपाठ धाकटा भाऊ. काखेत गाठ आणि अंगात ताप… त्याहून जास्त मला आठवत नाही. आठवतो तो वास. सरकारी माणसं आली, आमचं सामान बाहेर काढलं आणि खोली वरपासून खालपर्यंत फिनेलनं धुतली. आई मला आणि थोरल्या बहिणीला म्हणाली, "आता भ्यायचं नाही. धुतलं ना, आता काही होत नाही." तेव्हापासून तो वास आला, की मला धीर यायचा. पुढे लग्न झालं. नवरा आगबोटीवर खलाशी. एका खेपेला गेला तो गेलाच, पत्र नाही की निरोप नाही. आई तोवर वारली होती, बहिणीच्या सासरी मला जागा नव्हती. ओळखीच्या एका बाईंनी काकीसाहेबांकडे शब्द टाकला आणि मी त्यांची स्वयंपाकीण म्हणून लोणावळ्याला आले. काकीसाहेब म्हणजे मुंबईच्या एका वकिलांच्या पत्नी. यजमान वारल्यावर हवेसाठी तुंगार्लीच्या रस्त्यावरच्या बंगल्यात येऊन राहिलेल्या. मूलबाळ नाही. पुस्तकांची दोन कपाटं आणि एक मांजर, एवढाच त्यांचा संसार. मी आले तेव्हा पंचविशीची होते, इथलं धुकं मला सोसत नव्हतं, इथलं बोलणं निम्मं कळत नव्हतं, आणि ही नोकरी गेली तर जायला दुसरं घर नव्हतं. त्यात आल्या आल्या माळीबुवांनी मला सांगून ठेवलं, की आधीच्या बाईला काकीसाहेबांनी एका दिवसात काढलं. का? तर तिच्या हातून दूध सांडलं. मी म्हटलं, दूध सांडलं म्हणून? "दूध सांडलं म्हनून न्हाई. मांजरानं सांडलं असं सांगितलं, म्हनून. काकीसाहेबांना समदं चालतं, खोटं चालत न्हाई."

त्या मांजरीचं नाव चिमणी. पांढरी, पाठीवर दोन पिवळे डाग. तिचा कान चिघळला म्हणून काकीसाहेबांनी माझ्या नावाची चिठ्ठी देऊन मला पहिल्यांदा शेलार डॉक्टरांकडे पाठवलं. बाजाराच्या मागच्या गल्लीत, पूर्वी टांग्याचे घोडे बांधायचे त्या जागेत दोन खोल्या होत्या, तोच दवाखाना. पुढच्या खोलीत दोन बाकं. एका बाकावर पोपटाचा पिंजरा मांडीवर घेऊन एक शेटजी, दुसऱ्यावर रेल्वेतला एक ड्रायव्हर आणि त्याचं भलंमोठं कुत्रं, आणि दोघांच्या मधे भाजे गावची एक म्हातारी, लुगड्याच्या पदरात मांजराचं पिल्लू. सगळे एकमेकांच्या जनावरांकडे बघत. दाराशी धोंडूआबा. डॉक्टर औषध द्यायचे, जनावर धरायचे आबा. त्यांनी मला विचारलं, "नाव काय हिचं?" मी म्हटलं, चिमणी. "चिमनी? मांजरीचं नाव चिमनी? मग तुमच्या अंगनात चिमन्या येत्यात त्यांस्नी काय म्हनता, बोका?" सगळी खोली हसली. लोणावळ्यात आल्यापासून मी पहिल्यांदा हसले ते तेव्हा.

आत गेल्यावर मात्र हसू विसरले. डॉक्टर उंच, बारीक, खाकी कोट, बाह्या कोपरापर्यंत वर. ते जनावराशी बोलत नसत, लाडाचे आवाज काढत नसत. टेबलावर नुसता हात पालथा ठेवायचे आणि थांबायचे. चिमणीनं तो हात हुंगला, मग आपण होऊन डोकं त्यावर टेकलं. काकीसाहेबांखेरीज कुणाला जवळ येऊ न देणारी मांजर! मी बघतच राहिले. त्यांनी कान पाहिला, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या, हिरड्या पाहिल्या, पोट दाबलं. आणि मग मला त्या दिवशी चमत्कारिक वाटली ती गोष्ट त्यांनी केली. आम्हाला तिथंच ठेवून ते खिडकीकडे गेले. खिडकीखाली तिवईवर हात धुवायचं पांढरं भांडं होतं. आमच्याकडे पाठ करून ते सावकाश हात धुऊ लागले आणि धुता धुता म्हणाले, "हं, यशोदाबाई. आतापर्यंत काय काय केलंत, सांगा." मला त्या घरात, त्या गावात तोवर कुणी नावापुढे 'बाई' लावून बोललं नव्हतं. मी त्या पाठीला सगळं सांगून टाकलं, की कानात गरम तेल घातलं, मग शेजारणीनं सांगितली म्हणून तंबाखूची राख भरली. "बरं. सांगितलंत ते बरं केलंत," एवढंच म्हणाले. हात पुसले, वळले, कान साफ केला.

पुढे जाण्यायेण्यानं मला कळलं, की हे सगळ्यांच्याच बाबतीत असंच. आधी जनावर बघायचं, मग हात धुवायला खिडकीकडे जायचं, आणि तिकडे तोंड करून विचारायचं. लोकांच्या तोंडून काय काय बाहेर पडायचं! एकदा तो रेल्वेचा ड्रायव्हर, माणूस डोंगराएवढा, कुत्र्याच्या मोडलेल्या बरगड्यांवर हात ठेवून रडत होता. घाटातल्या पाळीवरून आलो, चिडलेला होतो, बुटानं लाथ मारली, म्हणाला. मी दाराशीच होते, माझ्याच अंगाचा तिळपापड झाला. डॉक्टरांचे हात पाण्यात क्षणभर थांबले, बस. "बरं. सांगितलंत ते बरं केलंत. कुठल्या बाजूला बसली? उजव्या? म्हणजे आत यकृतालाही मार असणार." त्या कुत्र्याची पट्टी बदलायला तो ड्रायव्हर पुढे महिनाभर स्वतः यायचा. भाज्याच्या त्या म्हातारीनं पिल्लाला पोटावर डाग दिला होता, शेटजी पोपट ओरडतो म्हणून त्याला अफूचं बोट चाटवत होते. कुणालाही कधी एक शब्द लागट नाही. मला वाटायचं, ह्या माणसाला राग येतच नसेल. देव घडवतानाच रागाचा डबा उघडायला विसरला असेल. किती चुकीचं वाटत होतं, ते मला एका दिवसात कळलं.

ते थंडीचे दिवस होते, मार्गशीर्ष असावा. बाजारात उंदीर पडायला लागले. पेठेतली घरं भराभर रिकामी झाली, लोक माळावर झोपड्या घालून राहायला गेले, आणि दुकानादुकानातून उंदरांसाठी विषाच्या गोळ्या टाकल्या. काकीसाहेब एका रात्रीसाठी पुण्याला भाचीकडे गेल्या होत्या. जाताना फाटकात उभं राहून म्हणाल्या, "यशोदे, चिमणीला सांभाळ हो." दुसऱ्या दिवशी दुपारी बारा-साडेबारापर्यंत यायच्या होत्या. त्या गेल्या आणि त्याच सकाळी मला चिमणीच्या मानेखाली पिसवा दिसल्या. उंदरांवरच्या पिसवांनी गाठीचा ताप येतो, हे तोवर सगळ्यांच्या तोंडी झालं होतं. मला ती चाळीतली खोली दिसायला लागली, धाकट्या भावाची काख दिसायला लागली. काकीसाहेब येणार आणि हे मांजर त्यांच्या अंथरुणात शिरणार… न्हाणीघरात फिनेलची बाटली होती. घमेल्यात पाणी घेतलं, बाटली ओतली, पाणी दुधासारखं पांढरं झालं, तो वास आला, आणि खरं सांगते, मला आईचा आवाज ऐकू आला. थोडं घातलं तर पिसवा मरणार नाहीत म्हणून आणखी ओतलं. बाटलीवर इंग्रजीत बरंच काही छापलेलं होतं, पण मला कुठलं ते वाचता येणार. चिमणीनं माझे हात ओरबाडून रक्तबंबाळ केले, तरी मी तिला मानेपर्यंत बुडवून धरलं. मग उन्हात सोडली. ती अंग चाटत बसली. मांजर न्हालं की चाटतंच.

घटकाभरात तिच्या तोंडातून लाळ गळायला लागली. उठली ती तोल जाऊन पडली. अंगावरची कातडी थरथरायची, पाय आपोआप ओढले जायचे, आणि डोळे असे, जणू तिला मी दिसतच नाही. मी तिला शालीत गुंडाळली आणि तुंगार्लीपासून बाजारापर्यंत धावले. अनवाणी होते, ते परत आल्यावर कळलं.

डॉक्टरांनी पापण्या पाहिल्या, हिरड्या पाहिल्या, पोट दाबलं. मग खिडकीकडे गेले. "हं, यशोदाबाई. काय काय झालं?" आणि मी, दर वेळी त्या पाठीला खरं सांगणारी मी, म्हणाले, "काही नाही. सकाळपासून अशीच करते आहे." "काही खाल्लं?" "दूधभात." "अंगाला काही लावलं, घातलं?" हातावर साबण फिरत होता, त्याचा आवाज ऐकू येत होता. मला माळीबुवांचं बोलणं आठवत होतं, दूध सांडलेली ती बाई आठवत होती. "नाही," मी म्हटलं. दवाखान्याची जमीनच मुळी रोज फिनेलनं पुसायचे, त्या दिवसांत तर दोनदा. त्यामुळे मांजरीच्या अंगाचा वास त्यांना वेगळा येण्याजोगा नव्हता. ते म्हणाले, "म्हणजे बाजारातलं उंदराचं विष. धोंडू, मोरचूद काढ. ओकारी करवली पाहिजे. आणि दूध, तेल, तूप काही पोटात जाऊ द्यायचं नाही. ते विष तेलात विरघळतं, दुप्पट भिनतं."

आबांनी मोरचुदाची बाटली टेबलावर ठेवली आणि मला म्हणाले, "बाई, चला, गरम पानी आनू." मागच्या अंगणात चुलीवर हंडा होता. हंड्याकडे न जाता ते माझ्या ओरबाडलेल्या हातांकडे बघत उभे राहिले. म्हणाले, "मी इराकात बसऱ्याला व्हतो, जर्मनच्या लढाईत. खेचरांकडं. डाक्टर आमचं सलोत्री. तरनं व्हतं, तापट लय. माज्या खेचराला खोगीर घासून जखम झाली, तर समद्या पलटनीम्होरं मला असं वराडलं, असं वराडलं, की मान वर करायची सोय न्हाई. दुसऱ्याच दिशी त्या खेचराचं नाक गळाया लागलं. म्या सांगितलं न्हाई. म्हनलं, परत वराडतील. धा दिस फडक्यानं नाक पुसत ऱ्हायलो. लागट रोग व्हता तो, बाई. आख्खी रांग धरली. येकेकाला गोळ्या घालाव्या लागल्या. सांगितलं असतं, तर माजं येकलंच गेलं असतं." मी विचारलं, मग डॉक्टर काय बोलले? "कायबी न्हाई. शेवटपतुर दोऱ्या धरून माज्याशेजारी उभं ऱ्हायलं. तवापासनं कुनावर वराडलं न्हाईत. मला म्हनले, धोंडू, चूक तुजी न्हाई, माजी. मानसानं आपल्याला भ्यावं असं आपुन वागलो, की मुकं जनावर मरतं." मग हंडा उतरवत म्हणाले, "तुमचं काय असंल ते तुमी बघा. पर आत मोरचूद कालवत्यात."

मी आत गेले. ते खिडकीपाशीच होते, पेल्यात काडी फिरवत होते. "फिनेल," मी म्हटलं. "फिनेलनं आंघोळ घातली. पिसवा होत्या. पुष्कळ घातलं." काडी थांबली. ती मान थोडी खाली गेली आणि पाठ अशी ताठ झाली, की मला वाटलं, आता… मला तेव्हा कळलं, की ह्या माणसाला राग येतो. चांगला येतो. तो सगळा राग मला त्यांच्या खांद्यांतून दिसला, आणि तो खाली बसतानाही दिसला. एखादं जड ओझं कुणी हळूच जमिनीवर टेकवावं, तसा. पेला त्यांनी मोरीत रिकामा केला. "सांगितलंत ते बरं केलंत," म्हणाले. "मोरचूद दिलं असतं तर पाच मिनिटांत गेली असती. किती वेळ झाला?"

मग सगळं उलटं. ज्या तेलानं तिचा जीव जाणार होता, तेच तेल तिला लागणार होतं. गोडेतेलात बोळे भिजवून आम्ही तिघांनी तिच्या अंगाचा केस न् केस पुसला, बोटांच्या बेचक्या पुसल्या, मग साबणाच्या कोमट पाण्यानं धुतलं, परत तेल, परत पाणी. तिनं पुन्हा चाटू नये म्हणून गळ्याभोवती पुठ्ठ्याची झालर बांधली. अंड्याचा पांढरा बलक चमच्यानं गालाच्या फटीतून थेंब थेंब. तिचं अंग गार पडत चाललं तेव्हा डॉक्टरांनी कोटाची बटणं काढली, तिला आत छातीशी घेतलं, वरून कोट मिटला, आणि तसेच बसले. बाहेर बाकावर माणसं थांबली होती, एकानंही घाई केली नाही. दुपार कलली. मी आयुष्यात देवळात बसले असेन त्याहून जास्त मन लावून त्या खोलीत बसले. पुष्कळ वेळानं कोट हलला. आबांनी बघायला हात आत घातला आणि ओरडून हात बाहेर काढला, तो रक्ताची रेघ घेऊनच. त्यांनी चिमणीला एक शिवी दिली, ती इथं लिहीत नाही, आणि म्हणाले, "वाचली वो, वाचली! नख चालतंय!" डॉक्टर डोळे मिटून हसले.

दुसऱ्या दिवशी काकीसाहेब आल्या, त्यानंतर थोड्याच वेळात डॉक्टर चिमणीला बघायला बंगल्यावर आले. तिच्या पोटावरची कातडी सोलवटली होती, पंजे लाल झाले होते. काकीसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. "डॉक्टर, झालं तरी काय हिला?" डॉक्टर म्हणाले, "अंगात विष गेलं होतं. यशोदाबाईंनी वेळेवर आणलं, म्हणून जीव राहिला." "कसलं विष?" डॉक्टर उठून दिवाणखान्याच्या खिडकीकडे गेले आणि आम्हा दोघींकडे पाठ करून बाहेरचा डोंगर बघत उभे राहिले. मी समजले. त्यांनी ते उत्तर माझ्यासाठी ठेवलं होतं… आणि मी म्हणाले, "बाजारात उंदरांचं विष टाकलं आहे ना, त्यातलं कुठं तोंडाला लागलं असेल." डॉक्टर अजून थोडा वेळ तसेच उभे होते. मग वळले, पिशवी उचलली, म्हणाले, "महिनाभर आंघोळ नको," आणि गेले. माझ्याकडे त्यांनी रागानं पाहिलं असतं, तर बरं झालं असतं.

काकीसाहेबांनी त्या दिवशी माझे ओरबाडलेले हात आपल्या हातात घेतले. ती विषानं पिसाळलेली असताना मी तिला छातीशी धरून नेली, त्याचेच हे ओरखडे, असं त्या धरून चालल्या. "तू नसतीस तर माझी चिमणी गेली असती. मी तुला काय देऊ?" मी म्हटलं, काही नको. त्यांनीच दुसऱ्या दिवसापासून मला शिकवायला घेतलं. रोज दुपारी एक तास. तिसरीपुढचं सगळं मी त्या बंगल्यात शिकले. जोडाक्षरं त्यांनी घटवून घेतली, पत्र कसं लिहावं ते शिकवलं, कपाटातली पुस्तकं एकेक करून हातात दिली. आज हे चार शब्द मी लिहू शकते आहे, ते त्यांच्यामुळे. आणि त्यांनी शिकवलं, ते मी त्यांना खोटं सांगितलं त्यामुळे. हा घास मी दहाबारा वर्षं रोज खाते आहे.

त्यानंतर मी डॉक्टरांकडे किती वेळा गेले, मोजदाद नाही. चिमणी पुष्कळ जगली, म्हातारी होऊन गेली. पोटावर केस मात्र पुन्हा आले नाहीत. त्या गोष्टीबद्दल डॉक्टरांनी कधी चकार शब्द काढला नाही, सुचवलं नाही, माझ्याकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं नाही. माणूस इतका कसा थांबू शकतो, याचं मला अजून नवल वाटतं. शेवटचं भेटले ते श्रावणात. त्यांची छाती भरून यायची, म्हणून मी पेज घेऊन गेले होते. इकडचं तिकडचं विचारून झाल्यावर म्हणाले, "काकीसाहेबांचे डोळे कसे आहेत?" मी सांगितलं, आता अक्षर दिसत नाही, पेपर मी वाचून दाखवते, रविवारची पुरवणी तर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. "सगळं वाचून दाखवता?" "सगळं." त्यांनी पेजेचा वाडगा खाली ठेवला. "बरं," म्हणाले. मी तिथून निघाले ती वाटभर मनातल्या मनात त्यांना उत्तरं देत होते.

मागच्या आठवड्यात आबांनी दवाखाना आवरायला काढला, म्हणून मी हाताखाली गेले. बाटल्या खोक्यात गेल्या होत्या, टेबल भिंतीला लागलं होतं. मी पहिल्यांदाच त्या खिडकीपाशी, ते उभे राहायचे तिथं, जाऊन उभी राहिले. पाहते, तर खिडकीच्या काचांना आतून चुना फासलेला. बाहेरचा डोंगर दिसत नाही, गल्ली दिसत नाही, काही दिसत नाही. लांबून ते पांढरं मला धुकंच वाटायचं, आणि इतकी वर्षं मी समजत होते, की ते बाहेर बघत असतात. मी म्हटलं, "आबा, चुना कशाला? गल्लीतली पोरं डोकावतात म्हणून?" आबा खोक्याला दोरी बांधत होते. "न्हाई वो. पावसाळ्यात भायेर अंधारून आलं, की त्या काचंत आतल्या मानसाचं तोंड दिसतं. पयल्याच साली डाक्टरनी मला चुना कालवाया लावला. म्हनले, मानूस इस्वासानं पाठीशी बोलतंय, आन आपुन काचंतनं त्याचं तोंड बघायचं, हे बरं न्हाई. दर साली ताजा हात मारायचो." मी त्या काचेला बोट लावलं. बोटाला पांढरं लागलं.

घरी येऊन मी हे लिहायला बसले. कागदाच्या टंचाईनं पुरवणी दोन पानांवर आली आहे, तिच्यात एवढ्या लांबणीला जागा मिळेल की नाही, ठाऊक नाही. पण मिळाली, तर एका रविवारी ती बंगल्यावर येईल. काकीसाहेब खुर्ची ओसरीवर उन्हात घ्यायला सांगतील, पाय शालीत घेतील आणि विचारतील, "हं, यशोदे, आज काय आहे?" तोंडानं सांगायला मी दहाबारा वर्षं धजले नाही. छापलेलं मात्र मला गाळता येणार नाही, त्यांना मी सगळं वाचून दाखवते असा माझा शब्द आहे. म्हणून हे छापायला पाठवते आहे.

काकीसाहेब, चिमणीनं उंदराचं विष खाल्लं नव्हतं. फिनेल मी घातलं होतं, आणि तुमच्या तोंडावर खोटं मी बोलले. हातावरचे ओरखडे मी तिला पाण्यात बुडवून धरलं त्याचे होते. लेख इथं संपला. मी पेपर खाली ठेवला आहे. आता तुम्ही बोला.